शेततळ्यात मासे सोडायचे, तर आधी पाण्याचे महिने मोजा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, काळ्या जमिनीत 30 × 30 × 3 मीटरचं शेततळं आहे. प्लास्टिकचं अस्तर नाही. पाणी साधारण मार्चपर्यंत दिसतं. त्यात मासे होतील का? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून काही मिळेल का? आणि संसदेच्या समित्या शेतीच्या मदतीवर एवढे अहवाल देतात, त्यांचा आमच्या गावाला काय उपयोग?

भाऊ, मासे होतील. अनुदान बसलंच तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असेल. अहवालांचाही उपयोग आहे, पण कोणत्या सभागृहात काय विचारायचं हे माहीत असेल तरच. तिन्ही उत्तरं एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात : तुमच्या तळ्यात किमान एक मीटर पाणी किती महिने राहतं? योजनेच्या कागदावर हेक्टर आणि लाख असतात. हा महिन्यांचा आकडा तिथे कुणी मागत नाही, आणि विदर्भातली मत्स्यशेती नेमकी तिथेच फसते.

पाणी

काळ्या मातीत उभा उतार टिकत नाही, ढासळतो. म्हणून 1 मीटर खोलीला 1.5 मीटर आडवा उतार धरावा लागतो. या हिशेबाने तुमच्या तळ्याचा तळ 21 × 21 मीटर येतो आणि पूर्ण भरलेलं तळं सुमारे 1,970 घनमीटर पाणी धरतं. पाणी दीड मीटरवर, म्हणजे निम्म्या खोलीवर आलं की साठा मात्र निम्मा नसतो. तो 810 घनमीटरच, म्हणजे 40 टक्क्यांच्या आसपास उरतो. एक मीटरवर 500 घनमीटर. काठावरून बघणाऱ्याला ‘अजून पुष्कळ आहे’ असं वाटतं, ते यामुळे.

आता हरभऱ्याचं ओलीत. एका एकराला 5 सेंटीमीटरचं एक पाणी द्यायचं तर 200 घनमीटर लागतं. दोन एकरांना दोन पाणी दिली की 800 गेले. त्यात पाझर आणि बाष्पीभवन धरा. हिवाळ्यात बाष्पीभवन दिवसाला काही मिलिमीटरच असतं, पण एप्रिल-मे मध्ये ते सेंटीमीटरच्या घरात जातं. म्हणून मासे आणि ओलीत दोन्ही हवं असेल तर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपचं खालचं टोक, तळापासून एक मीटर उंचीवर पक्का बांधून टाका. लोखंडी पाईप रोवून त्याला बांधला तर गरजेच्या वेळीही कुणी सहज खाली सोडत नाही. तळं रिकामं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पाझर नसतं. जानेवारीतल्या एका रात्री वीज असते, वावर सुकत असतं आणि मोटार चालू राहते, एवढंच घडतं.

पाझराबद्दल एक गोष्ट तपासून घ्या. काळी माती ओली असेपर्यंत पाणी चांगलं धरते, पण बऱ्याच ठिकाणी दीड-दोन मीटरवर मुरूम लागतो. तीन मीटरचं माप पूर्ण करण्यासाठी खोदणारा मुरमात शिरतो आणि तळ चाळणीसारखा होतो. दिवाळीनंतर पाऊस नाही, उपसा नाही आणि तरी पाणी रोज दोन-तीन सेंटीमीटर उतरतंय, तर मुरूम उघडा पडलाय असं समजा. उन्हाळ्यात तळावर 30 सेंटीमीटर काळी माती पसरायची, पाणी शिंपडून ओलसर करायची आणि थरथराने ट्रॅक्टर फिरवून दाबायची. कोरडी माती दाबून उपयोग होत नाही, ढेकळं तशीच राहतात आणि त्यांच्या फटीतून पाणी जातं.

बीज कोणतं आणि केव्हा

इथे बहुतेकांचं वर्ष वाया जातं. आपल्याकडे तळं भरतं जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. कटला, रोहू, मृगळ यांचं प्रजनन पावसाळ्यातच होतं, त्यामुळे त्या वर्षीचं मत्स्यबीज ऑगस्टमध्ये हाती येतं ते जेमतेम 25 मिलिमीटरचं. बोटुकली म्हणण्याजोगं, म्हणजे 50 मिलिमीटरच्या वर, व्हायला आणखी महिना-दीड महिना जातो. मग हिवाळा. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की मासा खाणं कमी करतो आणि वाढ मंदावते. मार्चमध्ये पाणी संपतं तेव्हा हाती अडीचशे-तीनशे ग्रॅमचे मासे असतात. त्यांना बाजारात कुणी विचारत नाही, आणि लोक म्हणतात शेततळ्यात मासे होत नाहीत.

आठ महिन्यांच्या पाण्याला आदल्या वर्षीची, दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवून वाढ रोखलेली बोटुकली लागते. वजन 50 ते 100 ग्रॅम. जागा मिळाली की ती झपाट्याने वाढते आणि फेब्रुवारीपर्यंत अर्धा ते पाऊण किलोला पोचते. नगाला पैसे जास्त पडतात, पण संख्या कमी लागते. तिची मागणी मे महिन्यातच नोंदवा. जुलैत शोधायला निघालात तर उरलेलं-सुरलेलं मिळतं.

संख्या ऑगस्टच्या पाण्यावर ठरवू नका, जानेवारीच्या पाण्यावर ठरवा. तुमच्या तळ्याला 320 नग पुरे : रोहू 130, कटला 110, मृगळ 60, गवत्या (ग्रास कार्प) 20. सायप्रिनस (कॉमन कार्प) इथे टाळा. तो तळ उकरतो, आणि काळ्या मातीचं तळं आधीच गढूळ असतं. कटल्यात बिगहेड हा परदेशी मासा मिसळून येतो, त्यावर लक्ष ठेवा. त्याला बंदी आहे, आणि तो कटल्याच्याच अन्नावर जगतो. आफ्रिकन मांगूर तर कुणी फुकट दिला तरी नको, तो बाकीचे मासे खातो आणि पालनावर बंदी आहेच.

पिशव्या आल्या की थेट ओतायच्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिशवी आडवी करा. मासा आपला आपण बाहेर जाईल. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावरची. मोजणी डोळ्यांनी करून घ्या. पुरवठादार वाटीने मोजतो, तर दोन वाट्या समोर नग नग मोजायला लावा.

चुना, शेण आणि गढूळपणा

पुस्तकात हेक्टरी 200 ते 500 किलो चुना लिहिलेला असतो आणि तो बघून लोक गोण्या ओततात. चुन्याची मात्रा सामूवर (पीएचवर) ठरते. गोंदिया-गडचिरोलीच्या तांबड्या-पिवळ्या, किंचित आम्ल जमिनीत तो लागतोच. तुमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू 8 च्या वर असेल तर चुन्याने अडचण वाढते, कारण सामू जितका जास्त तितका पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. युरिया टाळायचा तोही याच कारणाने. आधी सामू तपासा. सामू मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात.

शेण मात्र हवं. बीज सोडण्याआधी पंधरा दिवस 450 किलो ताजं शेण पाण्यात कालवून पसरा, नंतर महिन्याला 90 किलो. सोबत महिन्याला सव्वादोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, रात्रभर भिजवून, पण शेण टाकल्यानंतर पंधरा दिवसांनी. पाण्याला हलका हिरवट-तपकिरी रंग आला पाहिजे. हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा अंधुक दिसत असेल तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला आणि रंग गर्द हिरवा असेल तर महिनाभर शेण बंद. रंग हिरवा नसून चहासारखा मातकट असेल तर ते शेवाळ नाही, चिकणमातीचे बारीक कण आहेत. उजेड आत जात नाही, म्हणून शेण टाकूनही अन्न तयार होत नाही. अशा वेळी हजार घनमीटरला 200 किलोच्या आसपास जिप्सम विरघळवून शिंपडलं की कण खाली बसतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे मातीत सोडियम आहे, तिथे तर याला पर्यायच नाही. धुऱ्यावर (बांधावर) गवत लावणं हा कायमचा इलाज.

खाद्य

धानाचा कोंडा आणि शेंगदाणा किंवा सोयाबीनची ढेप, निम्मं-निम्मं. सरकीची ढेप स्वस्त आणि घरची असली तरी तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, मिश्रणात थोडीच ठेवा. ढेप रात्रभर भिजवून खताच्या रिकाम्या, धुतलेल्या गोणीत भरा, गोणीच्या खालच्या भागाला छिद्रं पाडा आणि बांबूला बांधून पाण्यात सोडा. फेकून दिलेलं निम्मं खाद्य तळाशी कुजतं. मासा 100 ग्रॅमचा असताना एकूण वजनाच्या 4 टक्के, 300 ग्रॅमला 3, अर्ध्या किलोला 2. तीनशे मासे 100 ग्रॅमचे, म्हणजे 30 किलो, म्हणजे दिवसाला 1 किलो 200 ग्रॅम. दर महिन्याला फेकजाळ्याने दहा-पंधरा मासे काढून वजन करा, अंदाजाने खाद्य वाढवू नका. डिसेंबर-जानेवारीत निम्मं करा आणि दुपारी द्या. तरंगत्या गोळी खाद्यात दीड-पावणेदोन किलोला एक किलो मासा निघतो, कोंडा-ढेपेत तीन किलोच्या आसपास लागतं. गवत्याला बरसीम, ल्युसर्न किंवा नेपियर टाका.

मासे मरतात तेव्हा

कसे मरतात ते बघितलं तर कारण अर्धं कळतं. पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात, आधी मोठे मरतात, ऊन आलं की बाकीचे सावरतात : प्राणवायू कमी पडला. रोज दोन-चार मरतात, अंगावर लाल चट्टे किंवा व्रण असतात : रोग. आणि लहान-मोठे सगळे एकदम, सोबत बेडूक आणि पाणकिडेही : विष.

विदर्भात तिसरं जास्त घडतं, कारण तळ्याच्या तिन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) असते. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशाला अतिसूक्ष्म प्रमाणातही मारतात. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत जोराचा पाऊस आला आणि वावराचं पाणी तळ्यात उतरलं की संपलं. ऑगस्टअखेर तळं भरलं की आत येणारं तोंड बंद करा आणि वरचं पाणी धुऱ्याबाहेरच्या चरातून वळवा. काठापासून दहा मीटरच्या पट्ट्यात फवारू नका. तिथे कपाशीऐवजी ज्वारी किंवा नेपियर ठेवा. पंप, ड्रम, हात काहीही तळ्यात धुवायचं नाही. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. विषाने मेलेला मासा ना विकायचा, ना खायचा, ना कोंबड्यांना टाकायचा.

प्राणवायूची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरमधली, सलग ढगाळ दिवसांनंतरची. रात्री शेवाळही प्राणवायू खातं, आणि दिवसा ऊन नसल्यामुळे भरपाई झालेली नसते. त्या दिवशी खाद्य बंद, शेण बंद. मोटारीने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून, शक्यतो पत्र्यावर आपटून, परत तळ्यात सोडा. पहाटे तीन ते सहा ही वेळ चुकवू नका. या वेळी चुना टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अमोनिया असेल तर उरलेले मासेही जातील.

लाल चट्टे येतात ते नोव्हेंबर ते जानेवारीत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने काढलेलं सिफॅक्स हे औषध हेक्टर-मीटरला, म्हणजे 10,000 घनमीटर पाण्याला, एक लिटर वापरतात. तुमच्या दीड मीटर पाण्याला 80 मिली झालं, बादलीभर पाण्यात मिसळून सगळीकडे शिंपडायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला माशांची ऊ (अंगाला चिकटणारा परजीवी) दिसली तर पाण्यात लाकडी फळ्या उभ्या सोडा. ती त्यांच्यावर अंडी घालते. फळ्या काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा सोडायच्या.

भंडारा-गोंदियाकडे बोडी (धानशेतीतलं लहान तळं) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सांडव्यातून मरळ, शिंगी आत शिरतात आणि बोटुकली फस्त करतात. बीजापूर्वी तीन आठवडे मोहाची ढेप घनमीटरला 250 ग्रॅम भिजवून टाकली की नको ते मासे मरतात, आणि विष उतरल्यावर तीच ढेप खत होते. तुमचं तळं उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत सुकतं, तुम्हाला याची गरज नाही.

काढणी आणि पैसे

पाणी सव्वा मीटरवर येईपर्यंत थांबू नका. परिसरातली सगळी तळी मार्चमध्ये एकदम सुकतात आणि भाव पडतो. जानेवारीपासून मोठा कटला काढायला लागा, बाकीच्यांना जागा होते. बर्फ माशाच्या वजनाइतकाच.

320 पैकी 80 टक्के जगले आणि सरासरी 650 ग्रॅमचे झाले तर 166 किलो. बांधावर 110 रुपये भाव धरला तर 18,260 रुपये. सगळं गोळी खाद्य वापरलं तर अंदाजे अडीचशे किलो, 46 रुपयांनी 11,500. बोटुकली 8 रुपयांनी 2,560. उरले चार हजारांच्या आसपास. कोंडा घरच्या गिरणीचा असेल तर थोडे जास्त. भाव तुमच्या बाजारातले टाकून हाच हिशेब पुन्हा करा. 30 × 30 च्या तळ्यातला मासा हे जोडउत्पन्न आहे, त्यासाठी कर्ज काढू नका. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून मत्स्यपालनालाही लागू आहे, खेळत्या भांडवलापुरतं ते ठीक.

अनुदान

मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये 20,050 कोटींची म्हणून मंजूर झाली, 2024-25 पर्यंत. पुढे 2025-26 पर्यंत वाढवली. नव्या संवर्धन तळ्याला खर्चाचा मापदंड हेक्टरी 7 लाख, निविष्ठांना (बीज, खाद्य वगैरे) हेक्टरी 4 लाख. सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. तुमचं तळं 0.09 हेक्टर. म्हणजे निविष्ठांचा मापदंड 36,000 आणि मदत 14,400 किंवा 21,600. खोदाईचं अनुदान आधी ‘मागेल त्याला शेततळे’मधून घेतलं असेल तर त्याच खोदाईला पुन्हा मागू नका, प्रस्ताव तिथेच अडकतो. निविष्ठांचा वेगळा मांडा. पैसा सहसा खर्चानंतर येतो, म्हणून बीज-खाद्याची पक्की बिलं ठेवा. अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात दोन गोष्टी विचारा : योजना चालू वर्षी सुरू आहे का, आणि जिल्ह्याला किती लक्ष्यांक उरलाय. राज्याने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. विजेच्या दराबद्दल विचाराल तेव्हा त्या निर्णयाचा उल्लेख करा.

संसद आणि विधिमंडळ

कृषी विषयाच्या संसदीय स्थायी समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाची मागणीही, तीच तपासते : गेल्या वर्षी किती तरतूद, किती खर्च, किती परत गेली. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे, हे आधी लक्षात घ्या. डिसेंबर 2024 मध्ये याच समितीने पीएम-किसानचे 6,000 रुपये 12,000 करावेत आणि कुळाने कसणारे व शेतमजूर यांनाही द्यावेत असं सुचवलं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात रक्कम 6,000 च राहिली. मात्र शिफारशीवर काय केलं हे सरकारला समितीला कळवावं लागतं, आणि ते उत्तर छापलं जातं. तुमच्या कामाचं ते असतं.

दुसरी अडचण घटनेतली. गोड्या पाण्यातला मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे. दारव्ह्याला बीज उशिरा का आलं, असं लोकसभेत विचारलं तर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे पैशाचा प्रश्न खासदारांकडे न्या, कारण योजनेतला सरकारी वाटा केंद्र-राज्य 60 : 40 आहे. बीज, वेळ आणि तळ्यांची तपासणी हे आमदारांकडे, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. तलाव जिल्हा परिषदेचा असेल, म्हणजे 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचा, तर विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा लेखी निवेदन द्या.

प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच येतं. ‘मत्स्यशेतीला चालना देण्यासाठी शासन काय करत आहे?’ याला योजनांची यादी मिळते. त्याऐवजी आमदारांना असा मसुदा द्या :

(अ) गेल्या दोन आर्थिक वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात शासकीय केंद्रांतून किती मत्स्यबोटुकली पुरवली, महिनानिहाय आणि आकारानुसार मिलिमीटरमध्ये. (आ) त्यांपैकी वर्षभर वाढवलेली बोटुकली किती. (इ) मत्स्यपालनासाठी अनुदान दिलेल्या शेततळ्यांपैकी किती तळ्यांत 31 मार्च रोजी पाणी होते, याची तपासणी झाली आहे काय. (ई) नसल्यास, त्याची कारणे काय?

महिना, आकार आणि तारीख मागितली की टाळाटाळीला जागा उरत नाही. लोकसभेसाठी प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवा. सूचना किमान 15 दिवस आधी लागते, पण खासदारांच्या कार्यालयाला महिनाभर आधी पोचवा. तारांकितच्या, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नाच्या, मागे लागू नका : दिवसाला 20 तारांकित, 230 अतारांकित, आणि अतारांकितचं लेखी उत्तर तुमच्या दृष्टीने जास्त कामाचं, कारण त्याला आकड्यांचं परिशिष्ट जोडता येतं. उत्तरात जिल्ह्याचा तक्ता नसेल तर तोच प्रश्न, ‘कारणे काय’ हा भाग वगळून, माहिती अधिकारात सहायक आयुक्त कार्यालयाला टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवस मुदत. हा अर्ज एप्रिलमध्ये गेला तर उत्तर मेमध्ये येतं, म्हणजे बोटुकलीची मागणी नोंदवायच्या वेळेला.